शिवण्याची खोली

आमच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे. सात फूट रुंद, नऊ फूट लांब. तिचे दार घरात उघडत नाही, परसात उघडते. खिडकी एकच, तीही उंचावर, उभ्या गजांची. सात वर्षांपूर्वी मल्लेश्वरममधल्या या घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला, तेव्हा करारनाम्यात तिची नोंद 'स्टोअर' अशी होती आणि आत नारळाच्या शेंड्या, मोडका पाळणा, गळका बंब आणि कुणाच्या तरी लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचे गठ्ठे होते. घरमालकीणबाई वरच्या मजल्यावर राहतात. वय पंच्याऐंशी. सगळी गल्ली त्यांना अज्जी म्हणते, मीही म्हणते.

गेल्या वर्षी आईने पुण्याचे घर आवरले आणि तिचे शिवणयंत्र उद्यान एक्स्प्रेसने माझ्याकडे आले. काळे, सोनेरी वेलबुट्टीचे, 'उषा'चे. लोखंडी पाय तिकडेच राहिले. सोबत दोन ट्रंका. त्यांत चिटाचे, खणाचे, इरकलीचे तुकडे, लोकरीचे गुंडे, क्रोशाच्या सुया, बटणांचे चार डबे आणि एक अर्धवट गोधडी. मी कानडीतून मराठीत अनुवाद करते. दिवसभर दोन भाषांमध्ये अडकलेले डोके संध्याकाळी सुटायला हवे असेल, तर हाताला दुसरे काम लागते, आणि ते मी आईकडून शिकलेली आहे. पण यंत्र चार महिने जेवणाच्या टेबलाखाली राहिले. जेवायच्या आधी रोज कापडे गोळा करायची, जेवल्यावर रोज पसरायची. शेवटी मी अज्जींकडे मागची खोली मागितली.

त्यांनी दोन दिवस घेतले. मग किल्ली दिली आणि एकच अट घातली: "मोळे होडिबेडि." खिळे ठोकू नका. भिंती चुन्याच्या आहेत, पोपडे सुटतील. माझी स्वतःची अट दुसरी होती. या खोलीवर पाच हजारांच्या वर खर्च करायचा नाही. अनुवादाच्या मानधनावर ज्यांचा संसार चालतो, त्यांना ही अट समजावून सांगावी लागणार नाही.

शिवणाची खोली लावायची म्हणजे काय, याचा नमुना माझ्या डोळ्यांसमोर नव्हता. इंग्रजी सिनेमांत, कादंबऱ्यांत अशी खोली असते. आमच्या घरांच्या नकाशात ती कधी नव्हतीच. पुण्या-साताऱ्याच्या वाड्यात ओसरी, माजघर, देवघर, कोठीची खोली, बाळंतिणीची खोली अशी प्रत्येक कामाला नावाची जागा आहे, शिवणटिपणाला नाही. शिवणाला जागा नव्हती, वेळ होती. दुपारची. जेवणे उरकली, भांडी पालथी घातली की चार बाया माजघरात नाहीतर ओसरीवर जुन्या लुगड्यांच्या घड्या अंथरून गोधडीला धावदोरा घालायला बसत आणि दिवेलागणीच्या आत गुंडाळून ठेवत. सुईदोरा कोनाड्यात, तुकडे बोचक्यात, बोचके खुंटीला. जमिनीवर काही उरता कामा नये. हे जागेच्या टंचाईमुळे होते असे मी बरीच वर्षे समजत होते. पण ज्या वाड्यांत दहा-दहा खोल्या होत्या, तिथेही हे असेच होते. काम चटकन गुंडाळता येते, म्हणूनच ते करायची मुभा होती, असे आता वाटते. पसारा दिसला असता तर ते 'काम' ठरले असते आणि त्याचा हिशोब कुणीतरी विचारला असता.

हा नियम मोडला तो शिवणयंत्राने. पायाचे यंत्र कोनाड्यात मावत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत 'सिंगर' हिंदुस्थानात आले, हप्त्यांवर मिळू लागले आणि आधी शिंप्यांच्या दुकानांत, मग हळूहळू घरांत शिरले. पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले. तिथे शिवणाचे वर्ग होते आणि त्यांत शिकलेल्या बाईला, विशेषतः विधवेला, चार पैसे मिळवायची वाट दिसू लागली. पुढे १९३०च्या दशकात कलकत्त्याला 'उषा' तयार होऊ लागले. त्यानंतरच्या पिढीत मध्यमवर्गीय मराठी घरात खिडकीजवळची एक जागा यंत्राची झाली. त्यावर भरतकाम केलेले झाकण आले, झाकणावर फुलदाणी आली, पण खाली यंत्र होते आणि ते कुणी हलवत नसे. बाईच्या कामाने घरातली दोन हात जमीन कायमची अडवण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

यंत्रांविषयी एवढे कडक बोलणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राचा अपवाद केला होता. बायकोचे शिवणातले कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी सिंगरने ते बनवले, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात आयझॅक सिंगरने एकाच वेळी अनेक संसार थाटलेले होते आणि त्याला बायकोच्या टाक्यांपेक्षा पेटंटची काळजी अधिक होती. गांधीजींची गोष्ट खोटी आहे, पण ती खरी असावी असे वाटण्याजोगी आहे. अशा गोष्टींचा मला मोह पडतो, आणि पुढे या खोलीविषयी लिहितानाही पडला, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवते.

आता खोलीकडे. ती तिथे का आहे, हे कळायला मल्लेश्वरम का आहे, हे पाहावे लागते. या भागाची आखणी प्लेगच्या आधीच झालेली होती, पण तो भरला प्लेगमुळे. १८९८च्या ऑगस्टमध्ये बेंगळूरला साथ आली. पुण्याने ती त्याच्या आदल्या वर्षी भोगली होती. चिकपेट आणि आसपासच्या जुन्या पेटेत घरे एकमेकांना चिकटलेली, उजेड नाही, वारा नाही. ज्यांना बाहेर पडणे परवडत होते ते दक्षिणेला बसवनगुडीत आणि उत्तरेला मल्लेश्वरममध्ये आले. इथे रस्ते सरळ काटकोनात आखलेले, सांपिगे रोड, मार्गोसा रोड आणि त्यांना छेदणारे क्रमांकाचे क्रॉस. घराभोवती मोकळी जागा, आणि घरांच्या दोन ओळी पाठीला पाठ लावून उभ्या राहू नयेत म्हणून मधून जाणारी अरुंद गल्ली. कागदोपत्री तिचे नाव कॉन्झर्वन्सी लेन. मैला वाहून नेणाऱ्या माणसांनी समोरच्या रस्त्यावर येऊ नये, मागून यावे आणि मागून जावे, यासाठी ती होती. आरोग्याचे शास्त्र आणि विटाळाचे शास्त्र अशा रीतीने एकाच नकाशात बसले. साहेबाला हवा खेळायला हवी होती, घरमालकाला सोवळे सांभाळायला हवे होते. गल्ली दोघांनाही चालली.

माझी खोली त्या गल्लीला लागून आहे.

खोली रिकामी केल्यावर जमीन घासली. लाल ऑक्साइडची, इथल्या जुन्या घरांत असते तशी. एका कोपऱ्यात तिचा रंग हातभर लांबी-रुंदीच्या चौकोनात अगदी झिजलेला होता. पाळण्यामुळे असेल म्हणून मी अज्जींना सहज विचारले. त्या म्हणाल्या, "तिथे चटई असायची. अदु मुट्टिन कोणे." ती मुट्टूची खोली.

मी कानडीतून अनुवाद करत असल्याने या शब्दापाशी थबकले. 'मुट्टु' म्हणजे स्पर्श. 'मुट्टु' म्हणजे पाळी. ही घरातली, बोलण्यातली कानडी. पण 'मुट्टु'ला तिसराही अर्थ आहे: हत्यार, अवजार. शेतीच्या अवजारांना अजूनही मुट्टु म्हणतात. किटेलचा कानडी-इंग्रजी कोश १८९४ साली मंगळूरला छापला गेला. त्यातही हा अर्थ आहे. ज्याला हात लागतो ते, असा काहीसा त्याचा प्रवास असावा. आणि मी त्या खोलीत कशासाठी शिरले होते? शिवायला. मराठीत 'शिवणे' म्हणजे सुईने शिवणे आणि 'शिवणे' म्हणजे स्पर्श करणे. मुळात हे दोन वेगळे शब्द. एक संस्कृतातल्या 'सीव्यति'कडून आलेला, दुसरा प्राकृतातल्या 'छिवइ'कडून. वाटेत झिजून त्यांचा उच्चार एक झाला. पोरे शिवाशिवी खेळतात, बाईला कावळा शिवतो, शिंपी चोळी शिवतो आणि माणसाने माणसाला शिवू नये असे शतकानुशतके सांगितले जाते, सगळे एकाच क्रियापदात. 'शिवण्याची खोली' असे मी म्हटले तर मराठी माणसाला त्यात सुई दिसेल. अज्जींच्या सासूला त्याचे शब्दशः कानडी करून सांगितले असते, तर तिला बाहेर बसलेली सून दिसली असती.

आणि हा नुसता शब्दांचा खेळ नाही. सोवळ्याचा आणि शिवणाचा खरोखर झगडा आहे. शिवलेले वस्त्र सोवळ्यात चालत नाही. तिथे अखंड वस्त्रच लागते, धूतवस्त्र किंवा रेशमी. सुई लागली की कापड कमी प्रतीचे झाले. म्हणून शिवलेली पोलकी घालून स्वयंपाकघरात वावरणे हे एकेकाळी बंडाचे होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड ज्यांनी वाचले आहे, त्यांना त्या घरांची हवा ठाऊक असेल. लक्ष्मीबाईंनी ते हसत हसत सांगितले, म्हणून आपणही हसतो. लोकरीला मात्र या शास्त्रात सूट होती. लोकर विटाळत नाही. सोवळ्यात सुती वस्त्र वाळलेले नसेल तर धाबळी चालते, ती त्यामुळेच.

हे सगळे मी पुस्तकांतून जाणत होते. अज्जींकडून कळले ते पुस्तकात नव्हते. त्या १९५०च्या दशकाच्या अखेरीस, सतराव्या-अठराव्या वर्षी लग्न होऊन या घरात आल्या. सासू असेपर्यंत, म्हणजे साधारण पंधरा वर्षे, दर महिन्याला तीन दिवस या खोलीत बसत. परसातून यायचे, परसातून जायचे. ताट दाराशी ठेवले जायचे. घरात दोन जावा होत्या, एक नणंद होती. कधी कधी दोघी एकदम असत, तेव्हा बरे वाटे. आणि मग त्यांनी विणकाम सांगितले. लोकरीला मैलिगे नाही, म्हणून लोकर आत आणता येई. थोरल्या जावेने उलटे-सुलटे टाके शिकवले ते त्या चटईवर. घरातल्या सगळ्या मुलांचे स्वेटर, टोपरी, मोजे इथे झाले.

ऐकताना मला काय झाले ते प्रामाणिकपणे सांगते. मला आनंद झाला. म्हणजे ही आधीपासूनच हातकामाची खोली होती! बायकांनी बाहेर काढलेल्या जागेत स्वतःचे काम उभे केले, वगैरे. मनात निबंधाचा शेवटही तयार झाला. (ज्यांना ज्यांना मी या खोलीविषयी सांगितले, त्यांच्यापैकी निम्म्यांनी व्हर्जिनिया वुल्फचे नाव घेतले. तुलनात्मक साहित्यात एम.ए. केल्याचा हा दंड आयुष्यभर भरावा लागतो.) मी अज्जींना म्हटले, "म्हणजे तीन दिवस तरी तुमची अशी जागा होती."

"नोडम्मा," त्या म्हणाल्या, "मला विणायला कधीच आवडले नाही."

त्यांना वाचायचे असे. माहेरी वडिलांकडे कादंबऱ्या येत. पण पुस्तक म्हणजे सरस्वती; त्या तीन दिवसांत पुस्तकाला शिवायचे नाही. स्वयंपाक नाही, पाणी भरणे नाही, महिन्यातली तीच काय ती मोकळी वेळ, आणि नेमके त्याच वेळी पुस्तक चालत नसे. महिन्याच्या उरलेल्या दिवसांत पुस्तक चालायचे, पण वेळ नसायचा. "हात रिकामे दिसले तर सासूबाई लोकर पाठवायच्या. म्हणून विणले." एकदा नणंदेने मासिकाची पाने फाडून लोकरीच्या गुंड्याच्या आत गुंडाळून आणली होती. त्या पानांवर गोष्टीचा मधला भाग होता. सुरुवात आणि शेवट कुणाला कधीच मिळाले नाहीत.

आणि आणखी एक गोष्ट त्या म्हणाल्या, मी न विचारता. खिडकी उंचावर आहे ती उजेडासाठी नव्हे. गल्लीतून सकाळी जी बाई डोक्यावर टोपली घेऊन जायची, तिने आत पाहू नये आणि आतल्या बाईने तिला पाहू नये, म्हणून. "पण आवाज यायचा. ती गाणे म्हणायची. आम्ही दोघी शिवायच्या नाही अशा, एक भिंतीच्या आत, एक बाहेर. मला चौथ्या दिवशी आंघोळ होती." एवढे बोलून त्या थांबल्या. त्या बाईचे नाव त्यांना आठवत नव्हते. म्हणजे ते त्यांना कधी ठाऊकच नव्हते, असे थोड्या वेळाने त्यांनीच सांगितले.

खोली मी लावली. चुना आणि चिमूटभर नीळ, हाताने दोन हात: तीनशे ऐंशी रुपये. खिळे ठोकायचे नसल्याने दोन भिंतींमध्ये ताणून बसणारे पडद्याचे दांडे घेतले, तीन, आणि त्यांना एस आकाराचे आकडे; कात्री, टेप, दोऱ्यांची रिळे त्यांवर. भिंतीत आधीपासूनच कडप्प्याची दोन फळकुटे होती, त्यांवर काचेच्या बरण्या आणि बटणे. मोडकळीला आलेल्या एका घराचे सागवानी दार मार्गोसा रोडच्या बाजूला मिळाले, घासाघीस करून अठराशेला. ते दोन लोखंडी घोड्यांवर आडवे टाकले की यंत्राचे टेबल झाले. घोडे नऊशे पन्नास. ज्या खोलीचे दार घरात उघडत नाही, तिच्यात दुसऱ्या घराचे दार टेबल म्हणून पडले आहे, आणि कडी अजून त्याला आहे. कापडे रंगाप्रमाणे लावावीत असे सगळे सांगतात. मी जाडीप्रमाणे लावली. गोधडी करणाऱ्याला रंग नंतर लागतो, जाडी आधी.

तुकड्यांसाठी प्लास्टिकचे खोके न घेता बुरुडाकडून बांबूच्या टोपल्या घेतल्या, पाच. कानडीत बुरुडांना मेदर म्हणतात. आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे, ज्यावरून या भागाला नाव मिळाले. बेंगळूर १६३८ पासून शहाजीराजांच्या जहागिरीत होते. त्यांच्यामागे एकोजी, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी, इथला कारभार पाहत. १६६९च्या एका कानडी शिलालेखात त्यांनी मल्लपुरच्या मल्लिकार्जुनाला गाव इनाम दिल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांना मी ते देऊळ अभिमानाने दाखवते, आणि सगळे 'आपल्या' एकोजींचे नाव ऐकून खूश होतात. त्या इनाम गावाचे नाव मेदरनिंगनहळ्ळी. मेदर निंगाची वाडी. दान देणारा आणि दान घेणारा देव दोघेही आम्हाला पाठ आहेत. टोपल्या विणणाऱ्या ज्या निंगाच्या नावाने ते गाव ओळखले जायचे, त्याच्याविषयी त्या नावाखेरीज काही उरलेले नाही. टोपल्या प्रत्येकी एकशे ऐंशीला पडल्या. त्यांच्या काठावर फाटे राहिले होते, ते मी आईच्या चिटाच्या पट्टीने मढवून घेतले. दिवा आणि वायर धरून सगळा खर्च चार हजार सातशे चाळीस झाला.

गेल्या महिन्यात, एका दुपारी, अज्जी परसात आल्या. खोलीच्या दारापर्यंत आल्या. मी म्हटले, या ना आत. त्यांनी आत पाहिले. टेबलाकडे पाहिले, टोपल्यांकडे पाहिले, यंत्राच्या शेजारी मी अनुवादासाठी उलटे ठेवलेले कानडी पुस्तक होते, त्याच्याकडे जास्त वेळ पाहिले. झिजलेला चौकोन आता टेबलाखाली आहे, तो दिसत नव्हता. मग पदराखालून विणायच्या दोन सुया काढल्या, अॅल्युमिनियमच्या, काळवंडलेल्या, आणि माझ्या हातात न देता उंबऱ्यावर ठेवल्या. ती जुनी सवय होती, की त्यांना वाकून मग सरळ होताना दाराची चौकट धरायची होती, हे मला सांगता येणार नाही.

मी सुया उचलून पाहिल्या. एक दहा नंबरची, एक अकरा.

"जोडी नाही ही," मी म्हटले.

"हो," त्या म्हणाल्या. "जोडी कधीच नव्हती. सगळे स्वेटर एका बाजूला सैल झाले. कुणाच्या लक्षात आले नाही." आणि पुस्तकाकडे बोट करून विचारले, ते दोन दिवसांसाठी वर नेता येईल का.